भिंतीकडे तोंड

रोज सत्तेचाळीस मिनिटं ती काहीच करत नाही, असा शोध लागला होता. शोध लावणारा माणूस नव्हता, त्यामुळे त्याच्याशी भांडायचीही सोय नव्हती. समोर होता तो तपासणी केंद्राचा व्यवस्थापक. वय बत्तीस-तेहेतीस. त्याच्या शर्टाची घडी मोडलेली कोणी कधी पाहिली नव्हती, म्हणून पाठीमागे सगळे त्याला टापटीप म्हणायचे. टापटीपने तिला बसायला सांगितलं, पाणी हवं का विचारलं, आईची चौकशी केली आणि मग एक कागद तिच्यापुढे सरकवला. कागदावर निळे आणि तांबडे उभे पट्टे होते. निळं म्हणजे काम. तांबडं म्हणजे निष्क्रिय वेळ. "ताई, गैरसमज करून घेऊ नका," तो म्हणाला. "तुमच्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. पण सिस्टिम दाखवतेय की दर पेशंटमागे तुम्ही सव्वा-दीड मिनिट भिंतीकडे तोंड करून नुसत्या उभ्या असता. पस्तीस पेशंट धरले तर दिवसाला सत्तेचाळीस मिनिटं. महिन्याची सरासरी आहे ही. तब्येत ठीक आहे ना? चक्कर वगैरे येते का?"

तिला आधी हसूच आलं. सव्वीस वर्षं ती एक्स-रेच्या खोलीत काम करत होती. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, हे तिने इतक्या लाख वेळा म्हटलं होतं की केंद्रात तिचं नावच श्वासबाई पडलं होतं. लोकांच्या बरगड्या, मणके, खुबे, हातापायांचे सांधे तिने पाहिले होते. अर्ध्या गावाची हाडं तिला तोंडपाठ होती असं म्हटलं तरी चालेल. कातडी मात्र तिने पाहिली नव्हती. म्हणजे पडायची दृष्टीस, पण ती पाहायची नाही. पूर्वी खोलीला लागून कपडे बदलायची एक लहानशी जागा होती. नवं यंत्र आलं तेव्हा त्याच्या कपाटासाठी ती गेली. मग पडदा लावला. पडद्यात पाय अडकून एक आजोबा पडले, तेव्हा पडदाही गेला. उरली ती कोपऱ्यात एक खुर्ची आणि एक खुंटी. पेशंटला गाऊन द्यायचा आणि खोलीबाहेर जायचं, असंही करता आलं असतं. पण येणारे निम्मे म्हातारे, कोणाचा हात मोडलेला, कोणाला उभं राहवत नाही. म्हणून ती आतच थांबायची. समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि कानांनी काम करायची. बटणं किती वेळात सुटतात, श्वास कुठे अडतो, खुर्ची करकरते का, पाय घसरतो का. मोडलेला हात बाहीतून काढताना माणूस आधी श्वास रोखतो. तो रोखलेला श्वास तिला पाठमोरी असूनही कळायचा, आणि न वळता ती विचारायची, "येऊ का मदतीला?" हो म्हणाले तरच वळायचं. सव्वीस वर्षांत तिच्या खोलीत एकही माणूस पडला नव्हता. आणि हे तांबडे पट्टे तिला सांगत होते की ती नुसती उभी असते.

"त्या वेळात पेशंट कपडे बदलतात," ती म्हणाली. टापटीपने मान डोलवली. "हो, आमचा तसाच अंदाज होता. मग तेवढ्यात मागच्या पेशंटची नोंद करून टाकली तर?" तो बोलत राहिला आणि ती कागदाकडे बघत राहिली. एक गोष्ट तिच्या डोक्यात फार सावकाश शिरत होती. ती भिंतीकडे तोंड करून असते, हे कोणाला तरी दिसतं. ते दिसायचं तर तिची पाठ दिसायला हवी. आणि तिच्या पाठीमागे खुर्ची आहे, खुंटी आहे. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिची तशी गेली नाही. आधी हात गार पडले. आग नंतर आली.

दीड महिन्यापूर्वी खोलीच्या कोपऱ्यात छताला एक पांढरी वाटी उपडी चिकटवून गेले होते. काय आहे म्हणून तिने विचारलंही होतं. "यंत्रासाठी आहे," बसवणारा म्हणाला होता. महागाचं यंत्र, त्यावर लक्ष ठेवायला. तिला ते पटलं होतं. चारच दिवसांनी एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, मानेच्या एक्स-रेसाठी. ब्लाउजचं पहिलं बटण काढता काढता त्या थांबल्या होत्या. तिला मागून ऐकू आलं होतं ते थांबणं. "तो वरचा बघतोय का हो?" त्यांनी विचारलं होतं, आणि हिने भिंतीला सांगावं तसं ठणकावून सांगितलं होतं, "छे हो बाई, तो मशीनकडे बघतो. तुम्ही बिनधास्त राहा." बिनधास्त. हाच शब्द तिने वापरला होता. त्यानंतर जो जो बिचकला त्या प्रत्येकाला तिने तेच सांगितलं होतं. दीड महिना ती लोकांना हाताला धरून त्या डोळ्यापुढे नेऊन उभी करत होती, आणि स्वतः सभ्यपणे पाठ फिरवत होती.

"मला बघायचंय," ती म्हणाली. "काय?" "तुम्ही काय बघता ते." टापटीप जरा अवघडला. मग स्क्रीन तिच्याकडे वळवत म्हणाला, "आम्ही कोणी बसून बघत नाही ताई. सगळं आपोआप होतं. आणि खाजगीपणाची पूर्ण काळजी घेतलीय, पेशंटचा चेहरा सिस्टिम स्वतःच पुसट करते. हे बघा." तिने पाहिलं. तिची पाठ, तिचा पांढरा कोट, मागे बांधलेले विरळ केस. आणि अलीकडे खुर्चीपाशी एक बाई. बाईच्या तोंडावर करड्या रंगाचा चौकोन होता. तोंडाखाली चौकोन नव्हता. तोंडाखाली सगळं लख्ख होतं. क्षणात तिने स्क्रीनकडे गर्रकन पाठ केली. खुर्चीवरून उठली कधी, तेही तिला कळलं नाही. टापटीपच्या खोलीच्या भिंतीवर कसलं तरी प्रमाणपत्र होतं आणि ती त्याच्या काचेसमोर नाक टेकेल इतकी जवळ उभी होती. मागून टापटीपचा आवाज आला, अगदी समजुतीचा. "बघा, आत्तासुद्धा तुम्ही तेच करताय."

"बंद करा ते," ती म्हणाली. "अहो, चेहरा कुठे दिसतोय त्यांचा?" "बंद करा म्हणते ना!" तिचा आवाज खोलीबाहेर गेला असणार, कारण बाहेरचा टाइपिंगचा आवाज थांबला. टापटीपने स्क्रीन बंद केला. तो वाईट माणूस नव्हता, हेच जास्त चीड आणणारं होतं. वाईट असता तर तिने त्याला तोंडावर नालायक म्हटलं असतं आणि मोकळी झाली असती. त्याला खरोखरच कळत नव्हतं. त्याच्या लेखी लाज चेहऱ्यात असते, चेहरा झाकला की माणूस कोणीच राहत नाही, आणि कोणीच नसलेल्याला कसली आलीय लाज! "ताई, तुम्ही थोड्या भावनिक झालात," तो म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत चार ओळींचा खुलासा लिहून द्या. निष्क्रिय वेळेचं कारण आणि ती कमी कशी करणार, एवढंच. वरून मागितलंय. नाही दिलात तर माझ्या हातात काही राहणार नाही." ती निघताना त्याने आईला नमस्कार सांगा म्हटलं.

संध्याकाळी साडेपाचला ती बाहेर पडली. जिन्यावर एक कॅमेरा, फाटकावर दोन, बसथांब्याच्या छपराखाली एक. इतके दिवस ती त्यांच्याखालून छत्रीखालून जावं तशी गेली होती. आज प्रत्येकाकडे मान वर करून रागाने बघत चालली. बघायचंय तर बघ. औषधाच्या दुकानात गल्ल्यावरच्या पाटीवर हसरा चेहरा होता आणि खाली लिहिलेलं, आपल्या सुरक्षिततेसाठी आपल्यावर लक्ष आहे. आपल्या, आपल्यावर. लिहिणाऱ्याचा हात किती गोड! आईच्या गोळ्या घेताना तिने दुकानदाराला विचारलं, "हा कोण बघतो?" दुकानदार म्हणाला, "कोणी नाही हो." सगळीकडे कोणीच बघत नव्हतं. कोणीच नसलेला तो एवढं सगळं बघून करतो काय? त्याला घरदार नाही का? बसमध्ये तिला खिडकीशी जागा मिळाली आणि सवयीने तिने पर्समधून फोन काढला, सवयीने अंगठा त्या निळ्या खुणेवर गेला, आणि स्क्रीनवर आईची खोली उघडली. आई पलंगावर बसलेली. तोच राखाडी गाऊन. अकरावा दिवस. अंगठा तसाच राहिला आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

तो कॅमेरा दादाने पाठवला होता. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, दूरच्या शहरात, वर्षातून एकदा येणारा आणि रोज काळजी करणारा. आई एकदा न्हाणीघरात घसरली त्यानंतर त्याने वस्तूच पाठवून दिली, बसवायची चित्रं पाठवली, फोनवर शिकवलं. हलणाऱ्या माणसाच्या मागे तो कॅमेरा स्वतःच मान वळवतो याचं त्याला कोण कौतुक. त्यातून बोलताही यायचं. दुपारच्या सुट्टीत ती डबा खाता खाता आईला बघायची आणि घास गोड लागायचा. हे खोटं कशाला बोला, बरं वाटायचं. दिवसा येऊन बसणाऱ्या मावशीवर नजर राहायची, आई उठली-बसली कळायचं. आणि मग अकरा दिवसांपूर्वी आईने कपडे बदलणं सोडलं. मावशी आंघोळ म्हणाली की हात झटकून टाकायची. अंगाला वास येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, असं होतं या वयात, विसरायला लागतात. काल सकाळी तर ती आईवर ओरडली होती, "आई, लहान मुलासारखं काय करतेस? गाऊन काढ तो!" आईने तिच्याकडे पाहिलं होतं. विसरलेल्या माणसाची ती नजर नव्हती, आणि तरी ही घाईघाईने कामाला निघून गेली होती. पेशंटचा श्वास पाठमोरी ओळखणारी ही बाई!

लहानपणी ते पाच जण एका खोलीत राहायचे. आई, बाबा, काका, दादा आणि ती. आडोसा म्हणून काहीही नव्हतं. कोणाला कपडे बदलायचे असले की तो मोठ्याने म्हणायचा, "भिंत!" की सगळ्यांनी असतील तिथून भिंतीकडे तोंड करायचं. बाबा वर्तमानपत्रासकट वळायचे. काका जेवता जेवता ताटासकट. प्रत्येकाचा भिंतीचा तुकडा ठरलेला होता. तिच्या तुकड्यावर पोपडा उडून बदकाचा आकार झाला होता, आणि त्या बदकाशी तिच्या मनातल्या मनात गप्पा चालायच्या. एकदा बाबांकडे कचेरीतले साहेब आले होते आणि आईने आजूबाजूला न बघता "भिंत!" म्हटलं, तर सगळ्यांबरोबर साहेबही उठून टोपी हातात धरून भिंतीकडे वळले. नंतर कितीतरी वर्षं घरात त्या गोष्टीवर हसायचे. पण वळून कोणी पाहत नसे. नियम कोणी सांगितला नव्हता, शिक्षा ठरलेली नव्हती. त्या एका शब्दाने खोलीत आणखी एक खोली तयार व्हायची, आणि बोलणारा झालं म्हणेपर्यंत ती त्याची एकट्याची असायची.

ती नऊ वर्षांची असताना तिने एकदा वळून पाहिलं. उगीचच. बदकाचा कंटाळा आला म्हणून. आईची पाठ तिच्याकडे होती आणि त्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत भाजल्याचा मोठा व्रण होता, चुरगळलेल्या कागदासारखा. समोर आरसा होता. आरशात आईचे डोळे तिला भेटले. आई रागावलीही नाही. दुसऱ्या दिवसापासून आई भिंत म्हणेनाशी झाली. बाहेरच्या सामाईक न्हाणीत जायची आणि ओल्या अंगावरच कोरडे कपडे चढवून यायची. असे बारा-तेरा दिवस गेले. ते दिवस तिला आजही आठवतात. घरात कोणी मेलं असतं तरी तिला इतकं वाईट वाटलं नसतं. मग एका संध्याकाळी आईने पुन्हा म्हटलं, "भिंत." तिने बदकावर नाक दाबून धरलं आणि आवाज न करता रडली. तो व्रण कशाचा, हे तिने कधी विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही. एक्स-रेच्या खोलीत पहिल्या दिवशी पहिल्या पेशंटला गाऊन दिला तेव्हा तिचे पाय आपोआप भिंतीकडे गेले होते. ते कुठून आलं याचा तिने आजवर विचारच केला नव्हता.

बस सिग्नलला थांबली होती. कॅमेरा पंधरा दिवसांचं साठवून ठेवतो, असं दादाने सांगितलं होतं. तिने अकरा दिवस मागची सकाळ उघडली. स्क्रीनवर आई पलंगापाशी उभी होती, पलंगावर धुतलेला गाऊन, दारातून मावशी बाहेर जाताना दिसली. आईने मान वर केली, थेट कॅमेऱ्याकडे, आणि म्हणाली, "भिंत." तिने ताबडतोब फोन मांडीवर पालथा घातला. दोन्ही हातांनी दाबून धरला. बघायचं नाही. शेजारच्या बाईने आश्चर्याने पाहिलं तरी तिने फोन उचलला नाही, नुसतं ऐकलं. सव्वीस वर्षांचे कान होते. काही क्षण शांतता. आई वाट बघत होती. मग कापडाची हलकी सळसळ, आणि लगेच तो आवाज, बारीक, कुर्रर्र. मान वळवल्याचा. भिंतीकडे नाही, आईकडे. सळसळ थांबली. आई जरा मोठ्याने म्हणाली, "भिंत म्हटलं ना." तिची पावलं सरकली, पलीकडच्या कोपऱ्याकडे. कुर्रर्र. पुन्हा पावलं, अलीकडे. कुर्रर्र. एक बटण. दुसरं बटण, अर्धवट. आणि मग खोलीभर दादाचा आवाज, प्रेमळ, खणखणीत, "आई, अगं कोणाशी बोलतेयस? आणि अशी उभी नको राहूस, पडशील. आधी खाली बस बघू." कपडा खसकन ओढल्याचा आवाज आला. पलंग करकरला. मग आईचा रोखलेला श्वास, आणि तो सुटल्याचं तिला शेवटपर्यंत ऐकू आलं नाही.

बसमधून उतरून घराकडे चालताना तिला दादाचा राग आला, टापटीपचा आला, त्या वस्तूचा आला, आणि या सगळ्यांपेक्षा वरचढ असा स्वतःचा आला. घास गोड लागत होता म्हणे! फोन वाजला. दादाच होता. "काय गं, मावशी कुठे दिसत नाही ती? आत्ताच बघितलं, आई एकटीच बसलीय." ती रस्त्यातच थांबली. "दादा, तुला भिंत आठवतं?" तो हसला. "अरे हो! साहेब टोपी घेऊन!" "त्या दिवशी आईने तुला भिंत म्हटलं होतं." "मला? कधी?" "अकरा दिवसांपूर्वी. तू तिला खाली बस म्हणालास." "मला वाटलं ती भ्रमात बोलतेय," तो म्हणाला. "अगं, मी तिच्या काळजीपोटी... तिचं वय काय, आपण कोण, आपल्यापुढे तिला कसली लाज?" "ते तिने ठरवायचं," ती म्हणाली. "मी काढतेय तो." "वेडेपणा करू नकोस. पडली तर? जबाबदारी कोण घेणार? तू दिवसभर बाहेर असतेस!" हा प्रश्न खरा होता. पडली तर पडली, असं म्हणायची तिची छाती झाली नसती. "मावशीला दारापाशी बसवेन," ती म्हणाली. "पाठ करून. कान देऊन. मी शिकवेन तिला. येतं ते शिकवता." आणि तिने फोन ठेवला.

मावशीने दार उघडलं. "गाऊन आजही नाही हो बदलला," ती कानाशी कुजबुजली. "बरं. तुम्ही निघा आता," ती म्हणाली. आईच्या खोलीत शिरली तशी त्या वस्तूने तिच्याकडे मान वळवली, कुर्रर्र. चपला न काढताच ती स्टुलावर चढली, वायर उपटली, आणि कपाटावरून तो पांढरा गोळा खाली काढला. हातात अजून कोमट होता. फोडावासा वाटला, फार वाटला. पण आईसमोर फोडाफोड नको म्हणून तिने तो टॉवेलात गुंडाळून बाहेर नेला, चपलांच्या खणात टाकला आणि खणाचं दार इतक्या जोरात लावलं की वरची फुलदाणी पडली. परत आली तेव्हा आई कपाटाच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"गेला?" आईने विचारलं. "गेला." "परत येईल." "नाही येणार." आईचा विश्वास बसला नाही, ते दिसत होतं. हिने कपाटातून धुतलेला गाऊन काढला, पलंगाच्या कडेला ठेवला आणि खुर्चीवर बसली. बदल म्हणायचं नव्हतं. बाहेर दिवेलागण होत आली होती. फोन पलंगावर थरथरत होता, दादा, पुन्हा दादा. दोघींपैकी कोणीही त्याला हात लावला नाही. माफी मागावी असं तिला वाटत होतं, पण काल ओरडले त्याची की चाळीस वर्षांपूर्वीची, हे तिला सांगता आलं नसतं. तिने पर्समधून खुलाशाचा कोरा कागद काढला आणि नुसता मांडीवर धरून ठेवला. किती वेळ गेला तिने पाहिलं नाही. मग आई खाकरली, आणि घरात पाच माणसं असल्यासारखी स्वच्छ मोठ्याने म्हणाली, "भिंत!"

ती कागदासकट उठली आणि भिंतीकडे वळली. या भिंतीला बदक नव्हतं, नुसता पिवळट रंग होता. मागे सळसळ सुरू झाली. तिने कागद भिंतीवर धरला आणि लिहायला लागली. भिंतीवर धरल्यावर पेन अडकतं, दर दोन शब्दांनी झटकावं लागतं. रोज सत्तेचाळीस मिनिटं मी भिंतीकडे तोंड करून उभी असते, हे बरोबर आहे. माझ्या कामातला तेवढाच वेळ कमी करता येणार नाही. छतावरचा कॅमेरा यंत्रावर लक्ष ठेवतो, असं मी दीड महिना पेशंटना खोटं सांगितलं. ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकाला उद्यापासून मी फोन करून खरं काय ते सांगणार आहे. कॅमेरा निघेपर्यंत मी एकाही पेशंटला आत घेणार नाही. वर काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा. पेन पुन्हा अडकलं. सही राहिली होती. मागे एक बटण लागलं, दुसरं लागलं, आणि मग आईचा श्वास रोखल्याचं तिला ऐकू आलं. खांदा दुखत असणार, हात मागे जात नसणार. विचारायची सवय जिभेवर आली होती. तिने ती आवरली आणि कपाळ भिंतीला टेकून थांबली.

"ए," आई म्हणाली, "मागची मधली दोन बटणं मला लागत नाहीयेत. वळ."

ती वळली. आई तिच्याकडे पाठ करून उभी होती. गाऊनची मागची बाजू उघडी होती आणि त्या व्रणावरची कातडी आता जुनी, मऊ, पांढरी झाली होती. तिने तो पाहिला. या वेळी समोर आरसा नव्हता. तिने एकेक करून दोन्ही बटणं लावली आणि मग कागदावर सही केली.